यजमानाने स्वतःची ओळख शेवटी करून द्यावी

६ जानेवारी, मंगळवार

आशयचा बेंगळुरूहून फोन. अश्वतीचे आईवडील दिल्लीला मोठ्या लेकीकडे निघालेत. वाटेत भोपाळला उतरून आपल्याकडे येणार, बावीस तारखेला. सकाळी उतरायचं, दुपारच्या गाडीने पुढे. अश्वती म्हणजे आशयने पसंत केलेली मुलगी. केरळची, त्याच्याच ऑफिसात आहे. आम्हाला मुलगी पसंत आहे. अडलंय ते तिच्या वडिलांचं. वारियर त्यांचं नाव. म्हणे, आधी घर बघू, माणसं बघू, मग सांगू.

आणि भाषा. त्यांना हिंदी येत नाही, मराठीचा प्रश्नच नाही. आपल्याला मल्याळम येत नाही. राहता राहिली इंग्रजी. आशयच्या आवाजात काळजी होती. म्हणाला, मी रजा टाकून येतो. मी म्हटलं, मुळीच नको, मी आहे ना. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये उभी हयात गेली ती इंग्रजीतच गेली. नोटिंग इंग्रजीत, ड्राफ्टिंग इंग्रजीत, रिमाइंडर इंग्रजीत. पलीकडे बराच वेळ शांतता होती. भारावला असावा.

७ जानेवारी, सकाळी

संकल्प. आजपासून रोज एक तास स्पोकन इंग्लिश. विषय मर्यादित ठेवला आहे: स्वतःची व इतरांची सभ्य ओळख करून देणे. उगीच सगळी भाषा शिकत बसण्यात अर्थ नाही. पहिल्या पाच मिनिटांत घर कळतं. ओळख नीट झाली की पुढचं पोहे-जलेबी सांभाळून घेतात.

नलिनी म्हणाली, त्यात शिकायचं काय एवढं? हात जोडायचे, मी आशयचा बाबा, ही त्याची आई, बसा, म्हणायचं. झालं. बायकांना प्रोटोकॉल कळत नाही. पण तसं बोललो नाही. नाश्ता व्हायचा होता.

आजचा तास उद्यापासून. आज गॅस सिलिंडर येणार होतं.

९ जानेवारी

यूट्यूबवर एक मॅडम सापडल्या. ओळख करून देण्याच्या तीन पायऱ्या सांगतात. आधी नाव, मग नातं, मग त्या माणसाबद्दल एक चांगली गोष्ट. आणि वयाने मोठा असेल त्याची ओळख आधी. इथपर्यंत ठीक. मॅडम हुशार आहेत, पण वय लहान, संस्कार कमी. त्यांच्या पद्धतीत नम्रता कुठेच नाही. त्यांचा एक विद्यार्थी उभा राहतो आणि बेधडक सांगतो की मी फार मेहनती आहे. आपल्याकडे असं कोणी स्वतःच्या तोंडाने म्हणतं का? आपल्याकडे कोणी म्हणालं, घर छान आहे, तर आपण म्हणतो, आपलंच आहे. मुलगा गुणी आहे म्हणालं तर आपण म्हणतो, सगळी मोठ्यांची पुण्याई, आमचं काय त्यात. हे इंग्रजांना कोणी शिकवलंच नाही.

तेव्हा ठरवलं. इंग्रजी त्यांची, नम्रता आपली. असा संगम निदान आमच्या अवधपुरी कॉलनीत तरी आजवर कोणी केला नसेल.

एक नियम मीच घालून घेतला. यजमानाने स्वतःची ओळख शेवटी करून द्यावी. आधी मोठे, मग बायका, मग शेजारी, सगळ्यात शेवटी आपण. खानदानी दिसतं.

संध्याकाळी पहिलं वाक्य तयार केलं. काइंडली फाइंड हिअरविथ माय वाइफ, नलिनी. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, मी काय बिलाला टाचलेला कागद आहे? तिचं इंग्रजी बेताचंच.

११ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिस. पुस्तकी ज्ञान उपयोगाचं नाही, माणसांवर हात बसला पाहिजे. पार्कात विश्वास आणि तिवारीजी एकाच बाकावर बसले होते. विश्वास आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, राहतो शेजारच्याच गल्लीत. तिवारीजी आणि तो, दोघांच्या घरांची भिंत एकच. मी दोघांची एकमेकांना व्यवस्थित इंग्रजीत ओळख करून दिली. नाव, नातं, चांगली गोष्ट. तिवारीजींनी उठून विश्वासशी हात मिळवला आणि विचारलं, आप इधर नए आए हैं क्या? मी वळून चालायला लागलो तरी दोघं हसत होते. ओळख चांगली जमली म्हणायची.

घरी येऊन दूधवाल्याला नलिनीची ओळख करून दिली. तो मला सोडून तिलाच म्हणाला, भाभीजी, साब को बुखार तो नहीं है? शिक्षणाचा अभाव. दुसरं काय.

१३ जानेवारी, रात्री

आशयचा फोन. सहज बोलता बोलता कळलं की अश्वतीची आई कॉलेजात इंग्रजीच्या प्रोफेसर होत्या. नुकत्याच रिटायर झाल्या. नलिनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उलट बरंच झालं, ऐकणाऱ्याला कदर हवी.

आशय म्हणाला, मी व्हिडिओ कॉलवर राहू का, काही अडलं तर सांगेन. साफ नाही म्हटलं. मुलाने फोनच्या आतून बापाला शब्द पुरवायचे, शोभतं का? मग म्हणाला, बाबा, मग एकच रिक्वेस्ट, तुम्ही जरा कमी बोला. नुसते शांत बसलात तरी किती छान दिसता. त्यांना आपला कॉन्व्होकेशनचा फोटो दाखवलाय, त्यातले तुम्ही त्यांना फार आवडलात. इतकं प्रेमाने हा मुलगा कित्येक दिवसांत बोलला नव्हता. मी शब्द दिला की मोजकंच बोलेन.

मोजकं म्हणजे तयारीचं. तयारी नसली की माणूस पसरट बोलतो.

झोप येत नाही. त्या प्रोफेसरबाईंचा काही संबंध नाही. रात्रीची उडदाची डाळ बाधली.

१५ जानेवारी

गेले दोन दिवस अभ्यास झाला नाही. संक्रांत. येणारे-जाणारे, तिळगूळ, गोड बोला. गुळाने घसा बसला. घसा बसल्यावर उच्चार बिघडतात आणि बिघडलेला उच्चार जिभेवर कायमचा राहतो, म्हणून मुद्दामच बोललो नाही.

आज पाहुण्यांच्या दिवसाची आखणी केली. आपल्याकडून कोण कोण? मी, नलिनी आणि उज्जैनहून दादा. सदाशिवदादा माझे थोरले भाऊ. शाळेत संस्कृत शिकवायचे. सुशीलावहिनी जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. आशयच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांच्याकडे गेल्या, सायकल त्यांनीच शिकवली. घरात असं काही ठरत असताना दादा नाहीत, हे आमच्यात होऊच शकत नाही. इंग्रजी त्यांना येत नाही, एका कानाने ऐकूही कमी येतं, पण बसण्यात भारदस्तपणा आहे. त्यांनी मोठ्या खुर्चीत बसायचं आणि हसायचं. बोलायचं खातं माझ्याकडे.

मग मॅडमच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाची एक चांगली गोष्ट लिहायला घेतली. नलिनीपाशी अडलो. बराच विचार करून लिहिलं, शी इज व्हेरी रेग्युलर. स्टोअर्समध्ये यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. वाचून दाखवल्यावर ती भाजी निवडायला आत गेली. भावना दाटून आल्या असाव्यात. रात्री भाजीत मीठ नव्हतं.

आशयचं लिहिताना लक्षात आलं की तो नक्की काय करतो ते मला माहीत नाही. फोन केला. म्हणाला, प्रॉडक्टमध्ये आहे. मी विचारलं, कसलं प्रॉडक्ट? त्याने सांगितलं, मी हो हो म्हटलं. लिहिलं, ही इज इन प्रॉडक्ट.

१८ जानेवारी, रविवार

रंगीत तालीम. विश्वास आणि त्याची बायको अनुराधा, दोघांना वारियर पती-पत्नी केलं. दारातून आत बोलावलं. अनुराधाने विचारलं, हाउ आर यू? माझ्या तोंडून निघालं, नोटेड. सवय. दुसऱ्यांदा जमलं.

मग एकेकाची ओळख करून देत गेलो. दादांच्या जागी उशी ठेवली होती. वाक्यं ओघवती येत होती. विश्वासने मध्येच जांभई दिली, पण ती वारियर म्हणून की विश्वास म्हणून ते कळलं नाही. शेवटी अनुराधा म्हणाली, सगळं छान झालं, पण भाऊजी, तुमचं स्वतःचं नाव आलंच नाही. मी म्हटलं, शेवटी आहे. ती म्हणाली, शेवट यायच्या आत चहा आला. हे नलिनीचं टायमिंग. तिला समज दिली. म्हणाली, तुमच्या शेवटाची वाट बघितली तर दूध आटून बासुंदी होईल.

२० जानेवारी

व्यक्तिमत्त्वाकडे दुर्लक्ष झालं होतं. सोनागिरीच्या बाजारात जाऊन केस काळे करून आलो. मिशी पांढरी ती पांढरीच राहत होती, रंग धरेना. केस एका वयाचे आणि मिशी दुसऱ्या वयाची, म्हणून काढूनच टाकली. आरशात पाहिलं. दहा वर्षांनी तरुण. एखादा जनरल मॅनेजर वाटावा.

घरी बेल वाजवली. नलिनीने दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि विचारलं, कोण पाहिजे? चेष्टेचीही एक वेळ असते.

२१ जानेवारी, संध्याकाळ

दादा आले. नेहमीप्रमाणे धोतर, काळा कोट, पांढरी शुभ्र मिशी. माझ्याकडे बघून आत नलिनीला हळूच विचारत होते, नीळू आजारी होता का? कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं हळू म्हणजे गल्लीला ऐकू जातं.

त्यांना ब्रीफिंग दिलं. मी काय करायचं, त्यांनी विचारलं. हसायचं, म्हटलं. आणि ते काही म्हणाले तर? तरी हसायचं. मान डोलावून बरं म्हणाले. असे सहकारी स्टोअर्समध्ये मिळाले असते तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला विश्वास गाडी घेऊन जाणार. मी नाही जाणार. यजमानाने दारात असावं. विश्वासला बजावलं की वाटेत ओळखीपाळखी काढायच्या नाहीत, नुसतं आणून सोडायचं, सगळं माझ्याकडे राखून ठेवलेलं आहे.

नलिनी म्हणाली, मला धाकधूक होतेय, पोराचा जीव अडकलाय त्या मुलीत, नीट होईल ना हो? मी म्हटलं, माझ्यावर सोड. ती म्हणाली, तेच तर.

२२ जानेवारी, सकाळी

गाडी वेळेवर आहे. सगळी वाक्यं तोंडपाठ. पोहे तयार, जलेबी कोपऱ्यावरून आणली. दादा खुर्चीत बसून आत्तापासूनच हसत आहेत.

२२ जानेवारी, रात्री

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

वारियर उंच, सावळे, कमी बोलणारे. बँकेतून रिटायर झालेले. बाई चष्म्याच्या, चेहरा प्रेमळ. विश्वास त्यांना सोडून ऑफिसला गेला, नेण्याच्या वेळी येणार होता. मी दारात हात जोडून स्वागत केलं. वारियरांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी म्हटलं, फर्स्ट काइंडली बी सीटेड. बसल्यावर नियमाप्रमाणे सगळ्यात मोठ्यांपासून सुरुवात केली. श्री. सदाशिव महिदपूरकर, हेड ऑफ द फॅमिली. दादा हसले. फार छान हसले.

वारियर म्हणाले, घर सुंदर आहे. आता मोठा भाऊ समोर बसलेला असताना माझं घर कसं म्हणणार? मी म्हटलं, धिस हाउस इज हिज. आय ॲम ओन्ली रिसाइडिंग. मग ते म्हणाले, आशय फार चांगल्या वळणाचा मुलगा आहे. हीच ती जागा. यासाठीच दोन आठवडे घासलं होतं. आपल्याकडे म्हणतातच ना, मुलगा माझा कसला, दादांचाच. मी दादांकडे हात करून म्हटलं, "आशय इज हिज सन, सर. फुल्ली हिज. आय हॅव डन नथिंग."

बाईंचे डोळे चमकले. वारियर उठले आणि त्यांनी दादांचे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, जिंकलो. इंग्रजी त्यांची आणि नम्रता आपली.

नलिनी पाणी घेऊन आली. हिअरविथ तिने रद्द करायला लावलं होतं, म्हणून नुसतं म्हटलं, लेडी ऑफ द हाउस, नलिनी, आशयची आई. व्हेरी रेग्युलर. बाई तिच्याकडे बघून हसल्या, मग दादांकडे बघून हसल्या. मी दोन्हींचा अर्थ कौतुक असा घेतला.

मग बाईंनी मला विचारलं, तुम्ही नेहमी इथेच असता का? मला वाटलं, आपलेपणाने चौकशी करताहेत. म्हटलं, हिअर ओन्ली, मॅडम, यांच्याच आश्रयाला आहे, जेवू घालतात, राहतो. नम्रतेचा कळस. त्या म्हणाल्या, किती चांगली माणसं आहेत ही. मी म्हटलं, व्हेरी.

नंतर मी बोलत राहिलो. स्टोअर्सबद्दल, भोपाळच्या हवेबद्दल, आशय प्रॉडक्टमध्ये आहे त्याबद्दल. वारियर ऐकत होते, पण बघत दादांकडे होते. मधूनमधून त्यांना काही विचारायचे. दादा हसायचे. उत्तर मी द्यायचो. पोहे दोनदा घेतले त्यांनी. माझी पाळी शेवटी होती, म्हणून मी निवांत होतो.

मग वारियरांनी बॅगेतून एक तबक काढलं. नारळ, जरीकाठाची शाल, सोनेरी काठाची साडी. उभे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडे मुलाच्या वडिलांचा मान करायची रीत आहे. मी पुढे झालो. कॉलर नीट केली. ते माझ्या बाजूने पुढे गेले आणि शाल दादांच्या खांद्यावर घातली.

सगळं एकदम कळलं, घर, मुलगा, आश्रय, सगळं. माझ्याच तोंडाने एकेक करून मी ते काढून दिलं होतं.

दादा शालीवरून हात फिरवत होते. त्यांना वाटलं, मोठे म्हणून मान दिला. मला म्हणाले, नीळू, सुशीला असायला हवी होती रे आज. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वारियरबाईंनीही डोळे टिपले.

मग बाईंनी साडी नलिनीला दिली आणि म्हणाल्या, आता दोघं शेजारी बसा, फोटो काढू. नलिनी थोरल्या दिरांसमोर आजवर खुर्चीत बसलेली नाही. ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि दातओठ खात मला म्हणाली, "अहो, सांगा त्यांना तुम्ही कोण आहात ते."

मी म्हटलं, सर, वन क्लॅरिफिकेशन. वारियर थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी वाक्यं पाठ केली होती, हेच एक केलं नव्हतं. त्यातून दादा समोर, खांद्यावर शाल, डोळे ओले. ती शाल यांची नाही, असं त्यांच्यादेखत म्हणू तरी कसं? ते ऐकू आलं नसतं त्यांना, पण दिसलं असतं. मी म्हटलं, "आय ॲम ऑल्सो फादर."

वारियरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, समजलं मला. चांगल्या घरात प्रत्येक मोठा माणूस मुलाला बापासारखाच असतो.

शेवटी नलिनीने स्वतः प्रयत्न केला. माय हजबंड, म्हणाली. पण तिने कधी माझं नाव घेतलेलं नाही आणि माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही. खाली बघून हनुवटी जरा आमच्याकडे हलवली. तिथे मी आणि दादा शेजारी शेजारी उभे होतो. वारियरबाई म्हणाल्या, हो हो, दिसतंच आहे, दोघांना शोभून दिसते साडी आणि शाल.

फोटो मीच काढला. दादा खुर्चीत, नलिनी चार हात लांब, तोंड एवढंसं. वारियर म्हणाले, जवळ या, जवळ या. ती आली नाही. बाईंनी त्यालाही लाज म्हटलं आणि फार कौतुक केलं.

विश्वासचा हॉर्न वाजला. गाडीत बसता बसता वारियरांनी काच खाली केली आणि मला विचारलं, तुमचं शुभनाव राहिलंच. माझी पाळी आली होती. म्हटलं, एन. एस. महिदपूरकर, रिटायर्ड, स्टोअर्स. ते म्हणाले, अरे वा, तुम्हीही महिदपूरकर, नातेवाईक का? मी म्हटलं, येस सर. नातेवाईक. काच वर गेली.

नलिनी बोलत नाही. साडी पलंगावर तशीच पडली आहे. मीही जेवलो नाही. त्यांना फोन करून सांगायला हवं, पण काय सांगू? सकाळभर जे बोललो ती आमच्यात बोलायची रीत आहे, खरं नव्हे, असं? मग उद्या आम्ही होकार दिला तर तोही रीत म्हणून दिला असं समजतील.

२३ जानेवारी

दादांना उज्जैनच्या बसला सोडायला गेलो. विश्वास काल रात्री येऊन सांगून गेला होता की वाटभर ते दोघं फादरची स्तुती करत होते आणि तो दर वेळी व्हेरी गुड मॅन म्हणत होता. त्याला वाटलं, मी. क्षणभर त्याचा हेवा वाटला.

बस सुटायच्या आधी दादांनी पिशवीतून शाल काढली. म्हणाले, नीळू, खरं सांग, ती मंडळी मला आशयचा बाप समजली का? माझ्या लक्षात आलं की रात्री त्यांनाही झोप लागली नव्हती. मी म्हटलं, छे, घरातले मोठे म्हणून दिली, त्यांच्यात तशी रीत आहे. त्यांनी परत विचारलं नाही. शाल अंगावर घेऊन बसले. थंडी होतीच.

घरी येऊन नलिनीला हे सांगितलं. पाहुणे गेल्यापासून पहिल्यांदा ती बोलली. म्हणाली, बरं केलंत. मग चहा ठेवला.

संकल्प. आशयला सगळं खरं सांगायचं. उद्या, फोन आला की आधी तेच.

२४ जानेवारी, शनिवार

आशयचा फोन आला. मी बोलायच्या आतच ओरडला, बाबा, ते हो म्हणाले. नलिनी बाजूलाच होती, स्पीकरवर ऐकून खालीच बसली. हात जोडले, रडली, हसली. मलाही भरून आलं.

आशय थांबतच नव्हता. अश्वतीचे वडील दिल्लीला पोचल्या पोचल्या तिला म्हणाले, मुलाच्या वडिलांना बघूनच मी निर्णय घेतला. एवढा मान, एवढं घर, आणि माणूस एका शब्दाने मोठेपणा सांगत नाही, नुसता हसत बसतो. असा माणूस ज्या घरात आहे तिथे मुलीची काळजी नाही. मग आशयचा आवाज जरा हळू झाला. म्हणाला, "बाबा, मला खरंच वाटलं नव्हतं तुम्ही ऐकाल. माझ्यासाठी एवढा वेळ गप्प बसलात. थँक यू."

सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. नलिनीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही. मी म्हटलं, मेन्शन नॉट.

मग तो हसून म्हणाला, एक राहिलंच, अश्वतीची आई विचारत होती, तिथे एक गृहस्थ सारखे इंग्रजीत बोलत होते, त्यांनी बिचाऱ्यांनी फार धावपळ केली, ते कोण? लग्नात माइक त्यांच्या हातात नको एवढंच तिच्या आईचं म्हणणं आहे. कोण होते हो बाबा ते?

मी म्हटलं, ओळखीचे आहेत. पण फारशी ओळख नाही.